शून्य कुठून मोजायचं?

मी कुर्ल्यात, मिठी नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. दुपारचं सत्र, नववीचा पट ४६. २०२३-२४ या वर्षी आमच्या नववीने नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका शाळेबरोबर हवामानबदलावर वर्षभर काम केलं. ती मुलं आता दहावी होऊन पांगली. कोणी अकरावीला, कोणी आयटीआयला, दोघी जणी पॉलिटेक्निकला. त्या वर्षाबद्दल सविस्तर लिहायचं राहून गेलं होतं, ते आता लिहिते.

सुरुवात शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात झाली. गटचर्चेत माझ्या वाट्याला रॉटरडॅमचे एक भूगोलाचे सर आले. ओळख करून देताना ते म्हणाले, आमची शाळा प्रिन्स अलेक्झांडर भागात आहे, समुद्रसपाटीच्या जवळजवळ सहा मीटर खाली. मी म्हटलं, आमची शाळा नदीच्या काठी आहे, दरवर्षी गल्लीत पाणी भरतं. त्यांनी लगेच विचारलं, "तुमची शाळा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?"

मला सांगता आलं नाही. अठरा वर्षं भूगोल शिकवते. महाबळेश्वरची उंची पाठ आहे, कळसूबाईची पाठ आहे. ज्या वर्गात उभी राहते त्या वर्गाची उंची माहीत नव्हती. तो प्रश्न डोक्यातून जाईना. आठवड्याभराने मीच त्यांना मेल केला: आपल्या दोन वर्गांना एकमेकांशी बोलू द्यायचं का?

परवानग्यांत दोन महिने गेले. मुख्याध्यापिका बाईंनी पाठिंबा दिला, पण त्यांची अट होती की पोर्शन मागे पडता कामा नये. नववीला जलसुरक्षा हा विषय असतोच, तेव्हा ते तास आम्ही याला जोडले. पालकांची संमतीपत्रं मराठीत छापली. तिकडचे नियम आणखी कडक निघाले. युरोपात मुलांची माहिती आणि फोटो यांबाबत कायदाच आहे, त्यामुळे ठरलं की कोणाच्याही चेहऱ्याचा फोटो पाठवायचा नाही. मुलं हिरमुसली. पण चेहरे वगळायचे म्हटल्यावर मुलांनी हात, चपला, दारं, पायऱ्या, भिंती यांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि आमचं पुढचं सगळं काम त्या भिंतींनीच घडवलं.

पहिला कॉल सप्टेंबरात झाला. आमच्या मुलांनी इंग्रजीत पाठ करून आणलं होतं: ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे काय, त्याची कारणं पाच, उपाय सहा. शेवटच्या स्लाइडवर वितळत्या बर्फावरचं पांढरं अस्वल. मग तिकडच्या मुलांनी त्यांच्या स्लाइड्स दाखवल्या. तीच कारणं, तेच उपाय, तेच अस्वल. अर्ध्या तासात दोन्ही वर्ग गप्प झाले. कॉल संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. "बाई, त्यांना आधीच सगळं येतं, आम्हालाही येतं. मग बोलायचं काय?"

त्या दिवशी रात्री मी आणि ते सर बराच वेळ बोललो. हा विषय मुलांना बातमीसारखा पोचला होता. दूरचा, मोठा आणि ज्याची उत्तरं आधीच ठरली आहेत असा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला अशा विषयात करण्यासारखं काही उरत नाही, फक्त भीती वाटते किंवा कंटाळा येतो. आम्ही ठरवलं, स्लाइड बंद. यापुढे दोन्हीकडून फक्त प्रश्न जातील, आणि उत्तर पुस्तकातून द्यायचं नाही, घरातून किंवा गल्लीतून शोधून आणायचं. भाषेची अडचण मला वाटली त्यापेक्षा कमी होती, कारण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. आमची मुलं आधी मराठीत लिहायची, मग सगळी मिळून इंग्रजी करायची.

त्यांचे पहिले प्रश्न आले. तुमच्या घरात पाणी शिरतं का? शिरलं तर शाळेत कसे येता? आणि तिसरा: ते पाणी पावसाचं असतं, नदीचं असतं की समुद्राचं?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात भांडण जुंपलं. अर्धी मुलं म्हणाली पावसाचं. नदीकाठच्या क्रांतीनगरकडची मुलं म्हणाली मिठीचं, कारण तिची पातळी वाढली की त्यांना घरं सोडून हलावं लागतं. एक मुलगा, ज्याचं आजोळ माहीम कोळीवाड्यातलं, ठामपणे म्हणाला, "भरतीचं. आजोबा सांगतात, उधाण असलं की मगच भरतं. भांगाच्या लहान भरतीला एवढं भरत नाही."

तिघंही बरोबर होते. मी फळ्यावर मिठी काढली, विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली. त्यांची तोंडं समुद्रात आणि खाडीत उघडतात. भरती चढलेली असली की पाणी बाहेर पडायला उतारच राहत नाही. त्याच वेळी वरून पाऊस कोसळत असेल तर पाणी गल्लीत थांबतं. महापालिका म्हणूनच पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, दर अंशाला सुमारे सात टक्के. त्यामुळे कमी वेळात जास्त पाऊस, आणि समोर हळूहळू चढत जाणारा समुद्र. हवामानबदल आमच्या गल्लीत या दोन टोकांनी येतो. मी हे दरवर्षी शिकवत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मुलांनी ते मला विचारून घेतलं.

आम्ही उत्तरात २६ जुलै २००५ लिहिला. मुंबईत त्या दिवसाला नाव लागत नाही, नुसतं "२६ जुलै" म्हटलं की पुरतं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला ८० मिमीसुद्धा नाही. तिकडून नम्रपणे विचारणा आली: तुमचा आकडा चुकला आहे का? दशांशचिन्ह राहिलं का? त्यांच्या देशात वर्षभरात सरासरी साडेआठशे मिमीच्या आसपास पाऊस पडतो. त्यांचं अख्खं वर्ष आमच्या एका दिवसात मावून वर उरत होतं. आमच्या मुलांना या गोष्टीचं एक विचित्र वजन जाणवलं. यांतलं एकही मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. आई-बाबा, आजी ती गोष्ट सांगतात, ती त्यांनी शंभरदा ऐकलेली. आता पहिल्यांदा कोणीतरी ती ऐकून थक्क झालं होतं आणि पुरावा मागत होतं.

पुरावा गोळा करायला मुलं घरोघरी गेली. शिवणाच्या टेपने, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं याची खूण मोजायची. काही घरांत भिंतीवर अजून पिवळट रेघ होती. काही ठिकाणी रंग मारून गेली होती. एका आईने दाराच्या चौकटीशी उभं राहून आपला हात गळ्याशी नेला, "इथवर. आणि कडेवर माझी मोठी." त्या मुलीने आईच्या हातापासून खाली टेप धरली. फोटोत फक्त हात, हिरव्या बांगड्या आणि टेप आहे.

ऑक्टोबरअखेर मापं जमली. एकाच गल्लीतल्या चार घरांची मापं अशी: ९८ सेंटीमीटर, १३१, ६४, १५२. मला वाटलं मुलांनी मोजण्यात चूक केली. पुन्हा मोजायला लावलं. तीच मापं आली.

याचा उलगडा योगायोगाने झाला. तो दिवाळीच्या सुट्टीआधीचा मंगळवार होता, ३१ ऑक्टोबर. आमचा कॉल नेहमी दुपारी दोनला असायचा. आम्ही प्रोजेक्टर लावून बसलो, समोर कोणीच नाही. सव्वादोन झाले, अडीच झाले. मग लक्षात आलं, युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर होतं ते साडेचार झालं होतं. तेही मला कळवायचं विसरले आणि मीही पाहिलं नव्हतं. गणिताच्या सरांनी आपला तास देऊ केला, म्हणून आम्ही तिथेच थांबलो.

त्या रिकाम्या तासात मुलं मापांवर वाद घालत बसली. ६४ सेंटीमीटरवालं घर ज्याचं, तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, आमचं घर २६ जुलैनंतर उंच केलंय. बाबांनी भराव टाकून जोता दोन-अडीच फूट वर घेतला. आम्ही लादीपासून मोजलं. पण तेव्हाची लादी तर आता खाली गाडलेली आहे."

वर्गात एकदम शांतता. मग एकेक करून हात वर. आमचंही उंच केलंय. आमचं नाही, पण गल्लीचा रस्ता वर आलाय, दरवर्षी वर डांबर पडतं, त्यामुळे आमचं घर आता खड्ड्यात गेलंय. प्रत्येक जण आपापल्या जमिनीपासून मोजत होता आणि प्रत्येकाची जमीन वेगळी होती, हलती होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शून्य कुठून मोजायचं? तीन वाजता स्क्रीनवर तिकडचा वर्ग उगवला, तेव्हा आमची मुलं त्यांच्याकडे न पाहता आपसात ओरडत होती.

आम्ही तो प्रश्न तसाच त्यांना दिला. त्याचं उत्तर तीन दिवसांत आलं, एका फोटोच्या रूपात. विटांची भिंत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ब्राँझचा एक बोल्ट आणि त्यावर तीन अक्षरं: एन, ए, पी. हा त्यांच्या देशाचा शून्य. आम्सटरडॅमच्या पातळीवरून ठरवलेला, आणि त्या शून्याशी जोडलेले असे सुमारे ३५,००० बोल्ट देशभर इमारतींत, पुलांत बसवलेले आहेत. बोल्टवर उंची लिहिलेली नसते, ती सरकारी नकाशात पाहायची. त्यांच्या शाळेजवळचा बोल्ट शून्याच्या पाच मीटरहून जास्त खाली होता. त्यांनी लिहिलं होतं, आमचीही जमीन हलते. पाणी उपसून काढलं की खालची पीट माती, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, आकसते आणि जमीन खचते. म्हणून बोल्ट साध्या जमिनीत नसतो, खोल पाया असलेल्या इमारतीत असतो. आम्ही जन्मभर त्याच्या शेजारून जात होतो, तुमच्या प्रश्नामुळे आज पहिल्यांदा शोधला.

ते शेवटचं वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवलं.

मग आमचा बोल्ट कुठला? मुलांनी दिवाळीनंतर तो शोधला. शाळेची इमारत जुनी, दगडी पायाची. मुख्य दाराची पहिली पायरी काळ्या दगडाची, कोणालाही आठवतं तेव्हापासून जागची हललेली नाही. ठरलं, ही पायरी म्हणजे आमचा शून्य. आता घराघरातली खूण या पायरीच्या हिशेबात कशी आणायची? यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. तो दुसऱ्या दिवशी खांद्यावर वेटोळं टाकून आला, मिस्त्री लोक लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप, पंधरा मीटर.

ते दोन शनिवार मी विसरणार नाही. पाइपमध्ये पाणी भरायचं, त्यात बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर माप चुकतं, म्हणून पाइप बोटाने टिचक्या मारत मारत वर धरायचा, बुडबुडा सरकत वर येतो आणि फुटतो. एक टोक पायरीशी, दुसरं पुढच्या विजेच्या खांबाशी. पाणी दोन्हीकडे खालीवर होतं, डुलतं, मग थांबतं. थांबलं की खडूची खूण. मग तिथून पुढे, खुणेवरून खूण, घरापर्यंत. शेवटी त्याच वाटेने नाही, दुसऱ्या बोळातून पुन्हा पायरीवर यायचं आणि ताळा बघायचा. पहिल्या शनिवारी पायरीवर परत आलो तेव्हा सात सेंटीमीटरचा फरक. मुलं खट्टू झाली. त्या मुलाचे वडील तिथे बघत उभे होते. त्यांनी शांतपणे दाखवलं, पाइपच्या तोंडावर पोरांचा अंगठा तसाच राहतोय. तोंड बंद राहिलं तर पाणी आपली जागा घेत नाही. दुसऱ्या शनिवारी फरक आला एक सेंटीमीटर.

आणि मग ती चार घरं. पायरीपासून मोजल्यावर चारही खुणा एकमेकींपासून सहा सेंटीमीटरच्या आत. २६ जुलैला पाणी गल्लीत एकाच पातळीत उभं होतं. खाली-वर झाली होती ती घरं. ज्या मुलीच्या घराचं माप १५२ होतं, तिच्या घराचा जोता कधीच उंच झाला नव्हता. तिने काही न विचारताच तक्ता नीट पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आता पाणी आलं तर सगळ्यांत आधी आमच्याकडे." त्यावर वर्गात कोणी बोललं नाही. घर उंच करायला पैसे लागतात, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मधल्या काळात आम्ही दोन्ही वर्गांनी एकाच वेळी बर्फाचा प्रयोग केला. दोन भांडी. एकात बर्फ पाण्यात तरंगता, दुसऱ्यात पाण्याबाहेर दगडावर ठेवलेला, आणि दोन्हींत पाण्याच्या पातळीवर खूण. तरंगता बर्फ वितळला तरी पातळी वाढत नाही, दगडावरचा वितळला की वाढते. म्हणजे समुद्र चढतो तो जमिनीवरच्या बर्फामुळे, ग्रीनलँड, अंटार्क्टिका, पर्वतांवरच्या हिमनद्या यांमुळे. शिवाय तापलेलं पाणी प्रसरण पावतं, आणि गेल्या अर्धशतकातल्या वाढीचा जवळपास निम्मा वाटा या प्रसरणाचाच आहे. मुलांना प्रयोगापेक्षा दुसरंच लक्षात राहिलं: आमचा बर्फ पाऊण तासाच्या आत वितळला, त्यांचा कॉल संपला तरी अर्धा शिल्लक होता. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली. एका मुलाने खाली वाकून पायरीवर टेप लावली आणि २० सेंटीमीटर किती ते सगळ्यांना दाखवलं. पायरीची उंची साधारण तेवढीच होती.

एक गोंधळ मात्र बरेच दिवस चालला. तिकडच्या एका मुलाने विचारलं, तुमच्याकडे साडेचार मीटरची भरती येते तर तुमचं शहर बुडत कसं नाही? आमच्या मुलांनाही ते कोडंच होतं. भरतीच्या तक्त्यातला शून्य हा समुद्राची सरासरी पातळी नसतो. जहाजांच्या सोयीसाठी तो जवळजवळ सगळ्यांत खालच्या ओहोटीशी धरलेला असतो. मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती ही सरासरीच्या दोन मीटर वर. अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या भरतीच्या नोंदी आहेत, हे सांगितल्यावर मुलांना अभिमान वाटला. तेव्हाच एकीने विचारलं, "बाई, मग तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवा म्हणतात, त्याचा शून्य कुठला?" हा प्रश्न मी कधीच विसरणार नाही. तो शून्य म्हणजे १८५० ते १९०० या काळातलं सरासरी तापमान. आम्ही हे बोलत होतो ते वर्ष, २०२३, नोंदी सुरू झाल्यापासूनचं तोवरचं सगळ्यांत तापलेलं वर्ष ठरलं, त्या शून्याच्या जवळपास १.४५ अंश वर.

जानेवारीतला कॉल सर्वांत अवघड गेला. आमच्या मुलांनी माणशी कार्बन डायऑक्साइड किती, हे शोधलं होतं. भारतात वर्षाला माणशी सुमारे दोन टन, नेदरलँड्समध्ये सुमारे सात. नेहमी मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा पुढे आला आणि मराठीतच बोलला, म्हणाला तुम्ही भाषांतर करा बाई. "पाणी आमच्या घरात येतं. गॅस तुम्ही जास्त सोडला, तोही कितीतरी वर्षं आधीपासून. मग उपाय आम्ही दोघांनी सारखेच का लिहायचे?"

मी क्षणभर थांबले. शब्द मवाळ करावेत असं मनात आलं होतं. पण मी जसंच्या तसं भाषांतर केलं. तिकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, तिचे आजोबा बंदरातल्या रिफायनरीत होते. रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यांत मोठं बंदर, त्यांचं घर त्याच कामावर उभं राहिलं. तुझं बरोबर आहे, आणि मला काय उत्तर द्यावं ते कळत नाही, असं ती म्हणाली. आमच्या बाजूने लगेच दुसरा हात वर झाला. एका मुलीचे काका माहुलला रिफायनरीत कंत्राटी कामाला आहेत. ती म्हणाली, आपल्याकडेही सगळे दोन टनवाले नाहीत. मिठीच्या पलीकडे बीकेसीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, काचेच्या इमारती दिवसरात्र थंड ठेवलेल्या असतात आणि आपल्या घरात एक पंखा. ही सरासरी कोणाची?

पुढच्या आठवड्यात तिकडच्या मुलांनी पाच पानं पाठवली. उर्जेंडा खटला. तिथल्या एका संस्थेने ८८६ नागरिकांना सोबत घेऊन २०१३ मध्ये आपल्याच सरकारवर खटला भरला, की तुम्ही उत्सर्जन पुरेसं कमी करत नाही. २०१५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला: १९९० च्या तुलनेत २०२० अखेर उत्सर्जन किमान २५ टक्के कमी झालंच पाहिजे. पत्राच्या शेवटी होतं, हे तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही, पण आमच्या देशात हा प्रश्न आधी कोणीतरी विचारला होता आणि आम्हाला शाळेत तो नीट माहीत नव्हता. त्या मुलाने पत्र वाचलं, १९९० या आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाला, "इथंही कुठून मोजायचं ते त्यांनीच ठरवलंय." पण पत्र त्याने जपून ठेवलं. वहीच्या कव्हरात घातलेलं मी पाहिलं आहे.

याच्या आधी, २१ डिसेंबरला, त्यांचा एक संदेश आला होता. वादळ आलं होतं आणि रॉटरडॅमच्या तोंडाशी असलेला, समुद्राचं पाणी अडवणारा मॅसलांट दरवाजा मिटला होता. प्रत्येकी २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच अशी दोन दारं. १९९७ मध्ये बांधून झाल्यापासून उंच पाण्यामुळे आपोआप मिटण्याची ती पहिलीच वेळ. आमची मुलं त्या फोटोकडे नुसती बघत राहिली. १ फेब्रुवारीला त्यांनी १९५३ च्या पुराबद्दल सांगितलं, एका रात्रीत समुद्राने बांध फोडले, १,८३६ माणसं गेली, आणि त्यानंतर देशाने समुद्राला अडवायच्या कामाला हात घातला. आमच्या एका मुलीने विचारलं, "त्यांनी एका पुरानंतर एवढं केलं. २६ जुलैनंतर आपण काय केलं?" मी जे झालं ते सांगितलं: मिठीचं रुंदीकरण, संरक्षक भिंती, पंपिंग स्टेशन, हिंदमाताजवळ जमिनीखालच्या टाक्या, २०२२ चा मुंबईचा हवामान कृती आराखडा, आणि माहीम-वांद्र्याच्या बाजूला उरलेली तिवरं, जी भरतीचा जोर तोडतात. मी काहीच झालं नाही असं म्हटलं नाही आणि पुरेसं झालं असंही म्हटलं नाही.

आमचा तक्ता, म्हणजे पायरीपासून मोजलेली ३७ घरं, कुठल्या घराची लादी किती उंच, २६ जुलैची खूण कुठे, मुलांनी नीट टाइप करून एका सरकारी कार्यालयात नेऊन दिला. तिथे शिक्का मारून पोच मिळाली. उत्तर आलं नाही. मुलं दोन महिने विचारत राहिली. मला त्यांच्या डोळ्यांत बघून "येईल" म्हणणं जड गेलं, आणि अजूनही ती पोच माझ्या कपाटात आहे. गल्लीत मात्र तो तक्ता वापरला गेला. मंडळाने तो झेरॉक्स काढून कार्यालयात लावला, आणि पाणी चढायला लागलं की आधी कोणत्या सात घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना हलवायचं, ते आता लिहिलेलं आहे. १५२ वालं घर पहिल्या क्रमांकावर आहे.

मार्चमध्ये परीक्षा आली, प्रकल्प संपला. निरोपाचा कॉल छोटाच झाला. दोन्हीकडची मुलं एकमेकांना काय बोलावं ते सुचत नसल्यासारखी हात हलवत राहिली.

८ जुलै २०२४ ला पहाटे मुंबईत भयंकर पाऊस झाला. सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर. शाळांना सुट्टी जाहीर झाली. सकाळी आठच्या सुमारास माझ्या फोनवर दोन फोटो आले. पहिल्यात शाळेचं बंद दार, खाली मातकट पाणी, आणि काळ्या दगडाच्या पायरीला टेकवलेली लाकडी फूटपट्टी. पट्टी धरलेला हात भिजलेला. खाली लिहिलं होतं: शून्याच्या खाली ११. पाणी अजून चढतंय. आजीला मंडळाच्या ऑफिसात आणून ठेवलंय.

दुसरा फोटो तासाभराने आला. तीच पायरी, तीच पट्टी. शून्याच्या खाली १६.